कंट्रोलचा गुडघा

आमच्या सरांचा उजवा गुडघा प्रयोगात होता आणि डावा कंट्रोलमध्ये.

कंट्रोल म्हणजे ज्याला काहीच करायचं नाही, नुसतं शेजारी ठेवायचं. मग ज्याला काही केलं, त्याच्यात खरंच फरक पडला की नाही ते कळतं. पुस्तकात ही व्याख्या मी पाठ केली होती, पण समजली नव्हती. समजली ती सरांना जिना चढताना पाहून. सर रोज सकाळी उजव्या गुडघ्याला उंडीच्या बियांचं तेल चोळायचे, मोजून आठ थेंब. डाव्याला काही नाही. दोन्ही गुडघे सारखेच दुखत होते तेव्हा हे सुरू केलं म्हणे, आणि मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्याला नऊ वर्षं झाली होती.

दर रविवारी मिस्साला जाताना ते चर्चच्या पायऱ्या आधी उजव्या पायावर जोर देऊन चढायचे, खाली उतरायचे आणि पुन्हा डाव्या पायावर जोर देऊन चढायचे. मग खिशातली डायरी काढून दोन्ही गुडघ्यांना दहापैकी गुण द्यायचे. मागे लोक खोळंबायचे. एकदा फादर म्हणाले, "सर, दोन्ही गुडघे देवाचेच आहेत."

सर म्हणाले, "हो फादर, पण उपचार एकावरच चालू आहे."

हे मला त्यांनी स्वतः सांगितलं, आणि सांगताना ते हसले नाहीत. सर विनोद करतात की नाही हे मला तीन वर्षांत कळलं नाही.

"कंट्रोल कुठाय?" हा त्यांचा प्रश्न कॉलेजभर माहीत होता. आमच्या कॉलेजच्या भिंतींना नवा रंग लागला तेव्हा सभेत कोणीतरी म्हणालं की रंगामुळे मुलांची हजेरी वाढली. सर उठून म्हणाले, कंट्रोल कुठाय? सगळेच वर्ग रंगवले होते. तेव्हा एका वर्गाचा रंग खरवडायची परवानगी मागणारा अर्ज सरांनी दिला. तो अर्ज अजून कुठल्यातरी फायलीत असेल.

कॅंटीनवाल्या काकांनी एकदा सांगितलं, "सर, वड्यात आजपासून नवा मसाला टाकलाय, खाऊन बघा फरक." सरांनी कालचा वडा मागितला. काकांनी चेष्टेत एक शिळा वडा शोधून दिला. सरांनी दोन्ही वडे शेजारी ठेवून, मध्ये पाण्याचा घोट घेत, शांतपणे खाल्ले. पुढचे दोन दिवस ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशी येऊन काकांना म्हणाले, "फरक आहे."

मी सरांकडे गेले ते मुद्दाम नाही. शेवटच्या वर्षाला प्रोजेक्टसाठी गाइड निवडायचा असतो, त्यासाठी आधीपासून जाऊन बोलायचं असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. बाबा सातिवलीला एका पत्र्याच्या कारखान्यात प्रेसवर कामाला आणि आई घरीच. आम्ही मूळचे पूर्वेकडच्या एका भातशेतीच्या गावचे, आता चंदनसारला तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत राहतो. बाकीच्या मुलांनी गाइड पटकावले तेव्हा मी नोटीस बोर्डासमोर उभी राहून नोटीस वहीत उतरवून घेत होते. उरले ते सर. त्यांच्याकडे कोणी जायचं नाही, कारण त्यांचा एकच विषय ठरलेला असायचा: झाडांच्या बियांची तेलं, आणि औषधांना न जुमानणारे जंतू.

पहिल्या दिवशी त्यांनी मला वीस मिनिटं विषय समजावून सांगितला. मी प्रत्येक वाक्याला "हो सर" म्हटलं. मध्येच ते म्हणाले, "आणि हे जंतू शुक्रवारी उपास करतात."

मी म्हटलं, "हो सर."

सरांनी पेन खाली ठेवलं. "रोज एकदा तरी मला 'कशावरून' म्हणायचं. त्याशिवाय घरी जायचं नाही."

मला ते फार अवघड गेलं. आमच्याकडे मोठ्या माणसाला कशावरून म्हणणं म्हणजे उलट बोलणं. पाच वाजत आले की मी विचारण्यासारखं काहीतरी शोधत बसायचे. एकदा सर म्हणाले, "पाऊस येईलसं वाटतं," आणि मी घाईघाईने "कशावरून सर" म्हणून दप्तर उचललं. त्यांनी मला खिडकीशी नेऊन ढगांबद्दल अर्धा तास सांगितलं. तोवर पाऊस आला, आणि मी भिजत घरी गेले.

जंतूंबद्दल ते गावातल्या माणसांबद्दल बोलावं तसं बोलायचे. "अर्धा मार खाऊन सुटलेला चोर," ते म्हणायचे, "पोलिसाला लांबून ओळखतो. तुम्ही पाच दिवसांच्या गोळ्या दोन दिवस घेता, बरं वाटलं की बंद करता. जे जंतू उरतात ते सगळे असे सुटलेले चोर. त्यांची पोरंबाळं जन्मतःच हुशार."

उंडीच्या बिया आणायला मी त्यांच्या घरी गेले ती आगाशीच्या पलीकडची वाडी. पुढे केळी, मागे विहीर आणि विहिरीशेजारी उंडीचं मोठं झाड. जुन्या काळी होड्यांना लावायला आणि दिव्याला याचं तेल वापरायचे, असं सर म्हणाले. बाजारातल्या तेलघाणीवाल्याने एकदा उंडी गाळून दिली होती. नंतर आठवडाभर त्याच्या खोबरेल तेलाला कडवट वास येत राहिला, तेव्हापासून सर लांबून दिसले की तो शटर ओढून घेतो. मग सरांनी शेंगदाण्याचं तेल काढायचं घरगुती यंत्र आणलं. उंडीचं बी घालताच ते यंत्र खोकल्यासारखा आवाज करायचं आणि थेंब थेंब हिरवट, दाट तेल सोडायचं.

सरांच्या पत्नीला आम्ही मुलं आंटी म्हणायचो. आंटी आतून दाराची चौकट धरत, एकेक पाऊल जपून टाकत बाहेर आल्या आणि पायरीवर हळूच टेकल्या. मला म्हणाल्या, "तुझ्याकडून पण करून घेतात का कशावरून-कशावरून?"

"हो आंटी."

"मला लग्नानंतर पहिल्या आठवड्यात म्हणाले, कालवणात मीठ कमी आहे. मी म्हटलं, नाही. तर म्हणाले, उद्या दोन पातेल्यांत कर." मग आत बघून हळू आवाजात, "दोन्ही पातेली मीच घासली."

आता जे झालं ते सांगते. सांगायला अजूनही थोडं जड जातं.

त्याच सुमारास बाबांच्या पायाला घोट्याजवळ पत्रा लागला. जखम फार मोठी नव्हती, पण ती भरेना. बाबांनी मेडिकलमधून स्वतःच गोळ्या आणल्या, दोन दिवस घेतल्या, ठणका थांबला की बंद केल्या. पुन्हा पू झाला, पुन्हा आणल्या. असं तीनदा झालं. मग डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी नव्या गोळ्या दिल्या आणि पू तपासून घ्यायला सांगितलं. बाबा म्हणाले, पुढच्या आठवड्यात बघू. प्रेसवर दिवसभर उभं राहावं लागतं. पाय टेकवेना, तसे ते घरी बसले. मुकादम आईला फोनवर म्हणाला, किती दिवस जागा धरून ठेवू.

नेमके तेव्हा सर तीन दिवस दुसऱ्या कॉलेजात परीक्षेच्या कामाला गेले होते. मी एकटीने प्रयोग लावला. काचेच्या बशीत जेलीसारखं अन्न असतं, त्यावर ते नाठाळ जंतू पसरायचे, जेलीत छोटे खड्डे पाडायचे आणि खड्ड्यात तेल भरायचं. तेल जंतूंना मारत असेल तर खड्ड्याभोवती स्वच्छ गोल दिसतो. अडचण एवढीच की तेल ओल्या जेलीत पसरत नाही. म्हणून मी ते स्पिरिटमध्ये मिसळलं. बशीत चार खड्डे बसत होते आणि तेलंही चार होती: कडुनिंब, करंज, मोह आणि उंडी. मला वाटलं, अगदी बरोबर मापाचं झालं.

दुसऱ्या दिवशी बशी उघडली तर चारही खड्ड्यांभोवती गोल. उंडीचा सर्वांत मोठा. मी बशी दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ उभी राहिले. माझ्या हातून आजवर असं काही झालं नव्हतं.

मी फोनवर फोटो काढून बाबांना दाखवला. बाटलीतलं थोडं उंडीचं तेलही खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीतून घरी नेलं. बाबांनी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. "ह्ये तू केलंस, बाय?"

"हो बाबा."

"मोठ्या मोठ्या गोळ्यांना मरत नाय त्ये जंतू?"

"हो बाबा."

आईने जखमेच्या कडेने तेल लावलं. दोन दिवसांनी बाबा म्हणाले, ठनका कमी हाय. त्यांनी शेजाऱ्याला फोटो दाखवला, मुकादमाला पाठवला. खालच्या किराणावाल्यालाही दाखवला. त्यानेही मुकादमासारखंच विचारलं की हा चंद्राचा फोटो आहे का.

चौथ्या दिवशी सर आले. मी बशी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती उजेडाकडे धरली, फिरवली, खाली ठेवली आणि विचारलं, "कंट्रोल कुठाय?"

मला वाटलं, नेहमीचंच.

"नुसत्या स्पिरिटचा खड्डा कुठाय?"

तो मी पाडलाच नव्हता. आम्ही दोघांनी नवी बशी लावली: एका खड्ड्यात उंडी आणि स्पिरिट, एकात नुसतं स्पिरिट. दुसऱ्या दिवशी दोन्हींभोवती गोल होते. उंडीचा गोल स्पिरिटच्या गोलापेक्षा मोठा होता, पण किती, तर नखाच्या कडेएवढा. सरांनी पट्टी लावली आणि खुशीत म्हणाले, "एवढी कड आपली. बाकीचं सगळं स्पिरिटचं. वाईट नाही, कड खरी आहे."

मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "अजून काय केलंयस?"

मी सगळं सांगितलं. सकाळी मी आरशामागे बाबांच्या गोळ्यांची पट्टी पाहिली होती. चारच गोळ्या कमी होत्या. विचारलं तर बाबा म्हणाले होते, "आता तुजं त्येल हाय ना."

सर रागावले नाहीत. त्यांनी बशी जागेवर ठेवली, हात धुतले, छत्री घेतली आणि म्हणाले, "चल."

शेअर रिक्षाने आम्ही स्टेशनच्या पूर्वेला, आमच्या घरी आलो. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. सर एकेक पायरी चढत होते आणि माझ्याकडून लिहून घेत होते. पहिल्या मजल्यावर म्हणाले, "उजवा ठीक." दुसऱ्या मजल्यावर थांबून म्हणाले, "डावा पण ठीक. हे विचित्र आहे. लिही, विचित्र." मी विचित्र असं लिहिलं.

सरांना पाहून बाबा धडपडत उभे राहिले आणि पाय आईच्या मागे लपवला. "सर, तुमी कशाला तरास घेतला. बसा. बायनं तुमचं नाव काढलं बगा."

सरांनी जखम पाहिली. कडा लाल, सुजलेल्या. पू होताच. सर म्हणाले, "ठणका कमी झाला म्हणता. कशावरून तेलाने झाला?"

"त्येल लावलं आनि झाला."

"डॉक्टरांच्या गोळ्या किती दिवस घेतल्या?"

आई म्हणाली, "दोन दिवस. मंग ठेवल्या आरशामागं."

"मग गोळ्यांनी कमी झाला नसेल कशावरून? आणि आठ दिवस तुम्ही कामावर उभे नाही, त्याने झाला नसेल कशावरून?"

बाबा गोंधळले. त्यांनी फोन काढून फोटो सरांपुढे धरला, जसा काही पोलिसाला परवाना दाखवावा. "सर, ह्यो फोटू. पोरगी खोटं बोलंल का?"

सर माझ्याकडे बघत होते. बाबाही बघत होते. मला वाटलं सर सांगतील, ते माझे गाइड आहेत. पण ते छत्रीच्या दांड्यावर हात ठेवून बसून राहिले.

मी म्हटलं, "बाबा, माझं चुकलंय. ते गोल तेलाचे नाहीत. स्पिरिटचे आहेत. मी तपासलं नव्हतं."

बाबांनी फोन उलटा करून मांडीवर ठेवला. किराणावाला, मुकादम, शेजारी, सगळे त्यांच्या डोळ्यांपुढून गेले असणार. मग ते सरांना म्हणाले, "मंग कालिजात चुका पन शिकवतात का?"

"मुख्य विषय तोच आहे," सर म्हणाले. मग त्यांनी अर्धा मार खाल्लेल्या चोराची गोष्ट सांगितली. बाबांना ती लगेच पटली, कारण त्यांच्या कारखान्यात असा एक जण होता. आईला सर म्हणाले, उघड्या जखमेत कुठलंही तेल घालायचं नाही, माझंही नाही. आणि बाबांना म्हणाले, "उठा. पू तपासायला आजच द्यायचा."

तीन मजल्यांची चढउतार आता सरांनाही जाणवत होती; दवाखान्याच्या जिन्यावर दोघे लंगडत चढले. सरांनी बाबांना विचारलं, "कुठला पाय?" बाबा म्हणाले, "डावा." सर म्हणाले, "माझा डावा कंट्रोलमध्ये आहे." बाबांना वाटलं हाही काही रोग असेल. त्यांनी सरांना हात दिला.

रिपोर्ट आला त्यात औषधांची लांब यादी होती आणि बहुतेकांपुढे हे चालणार नाही अशी खूण. सर यादीवरून बोट फिरवत बाबांना म्हणाले, "हे सगळे पोलीस त्यांनी ओळखून ठेवलेत." डॉक्टरांनी उरलेल्यांतलं एक औषध दिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक गोळीची फुली मारली. चौथ्या दिवशीच ठणका गेला, तेव्हा बाबांनी कॅलेंडरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने पुढची गोळी घेतली. शेवटच्या फुलीपर्यंत घेतल्या. जखम भरली. मुकादमाने जागा दुसऱ्याला दिली नव्हती. त्याने एवढंच विचारलं, "ते चंद्राचं काय झालं?"

बाबा पुन्हा कामाला लागल्यावर एका रविवारी म्हणाले, सरांकडे जायचं. गावच्या नव्या तांदळाची पिशवी घेऊन आम्ही आगाशीच्या बसमध्ये बसलो. पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. दार उघडंच होतं. बाबा मागे विहिरीवर पाय धुवायला गेले, मी आत डोकावले.

सर आरामखुर्चीत गाढ झोपले होते. आंटी शेजारी स्टुलावर बसून त्यांच्या गुडघ्याला तेल चोळत होत्या. डाव्या गुडघ्याला.

आंटींनी मला पाहिलं. बाटलीचं बूच लावून, चौकट धरत त्या बाहेर आल्या आणि पायरीवर टेकल्या.

"रोज?" मी विचारलं.

"तुझे सर झोपले की. सुट्टीला दुपारी, एरवी रात्री."

"किती दिवस, आंटी?"

"पहिल्या आठवड्यापासून. दुखायचं त्यांना. मला बघवेना."

"पण डायरी?"

"डायरीला कुठे गुडघे आहेत," आंटी म्हणाल्या. मग माझा हात धरून, "सांगू नकोस हां."

आत खुर्ची करकरली. सर उठून बाहेर आले, बाबांना पाहून खूश झाले, त्यांचा पाय उन्हात धरून तपासला. चहा झाला. मग त्यांनी डायरी आणली आणि जरा गंभीर होऊन मला म्हणाले, "तू आलीस ते बरं झालं. आज मी हा प्रयोग बंद करतोय. सगळे आकडे जुळवले. नऊ वर्षांत दोन्ही गुडघ्यांत काहीच फरक नाही. म्हणजे तेलाचा उपयोग शून्य. वाईट वाटतं, पण लिहायला पाहिजे." त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

आंटी माझ्याकडे बघत होत्या. मी शब्द दिला नव्हता, पण हात सोडवूनही घेतला नव्हता. आणि समोर सर खोटं वाक्य लिहिणार होते. त्यांना ते माहीत नव्हतं, मला होतं.

मी म्हटलं, "कशावरून, सर?"

पेन थांबलं. सर माझ्याकडे बघत राहिले. मी आंटींच्या हातांकडे पाहिलं. सरांनीही पाहिलं. उन्हात ते हात चकाकत होते. मग सर हळूहळू वाकले आणि आपल्या डाव्या गुडघ्याचा वास घेतला.

बाबांना यातलं काहीच कळलं नव्हतं, पण सरांच्या घरी काही बोलायला हवं म्हणून, बशीतला चहा संपवत, माझ्याकडून ऐकलेला सरांचा नेहमीचा प्रश्न त्यांनी अदबीने विचारला. "मंग सर, कंट्रोल कुठं हाय?"

"ही काय," आंटी म्हणाल्या, "समोर बसलीय." आणि आपल्या दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून, चौकटीचा आधार घेत, कप उचलायला उठू लागल्या.

सर त्यांच्या गुडघ्यांकडे पाहत होते. मला वाटतं, नऊ वर्षांत पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी डायरी मिटली, तिच्यावर पेन ठेवलं, आणि आंटींना म्हणाले, "बस खाली."

मग ते आत जाऊन बाटली घेऊन आले आणि पायरीवर, त्यांच्या पायांशी बसले. थेंब मोजले नाहीत.